डिझेल पिकअपला कॅच कॅन बसवताय? कुठला घ्यायचा, कुठे लावायचा आणि लोक कुठे फसतात

टर्बोच्या आधीचा रबरी पाईप काढून आतून बोट फिरवलं की बोट तेलकट होतं, इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या जॉईंटला तेल पाझरून त्यावर धुळीचा थर बसलेला असतो आणि ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ करायला इंजिनात हवा नेणारं मॅनिफोल्ड उघडलं तर आत डांबर. व्ही-क्रॉस असो, गेटअवे असो, बोलेरो पिकअप असो, चांगले किलोमीटर झालेल्या बहुतेक डिझेल पिकअपचं हेच रडगाणं. मग कोणीतरी सांगतं, कॅच कॅन (तेल अडवणारा डबा) लाव, सगळं बंद होईल. लावा, जरूर लावा, पण चुकीचा लावला तर जे तेल थांबवायला गेलात तेच वाढून बसतं, आणि हे का होतं ते कळलं की बाकी सगळं काम सोपं आहे, दोन पाईप आणि एक ब्रॅकेट, बस.

तर आधी थोडं इंजिनच्या पोटात काय चालतं ते. पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी शंभर टक्के सील करत नाहीत, थोडा गॅस खाली चेंबरमधे, म्हणजे क्रँक आणि तेल असतं त्या भागात, उतरतोच. याला ब्लो-बाय म्हणतात, गॅरेजमधे बॅक कॉम्प्रेशन. या गॅसमधे तेलाची वाफ, पाणी, काजळी, थोडं न जळलेलं डिझेल असं सगळं असतं आणि तो बाहेर काढला नाही तर चेंबरमधे प्रेशर वाढतं. म्हणून कंपनी टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावरून, एक ब्रीदर पाईप काढते आणि एअर फिल्टरच्या पुढे, टर्बोच्या आधी जोडून देते, म्हणजे टर्बोच हा गॅस ओढून घेतो आणि परत जाळतो. कव्हरच्या आत तेल अडवायला पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे आडोसे असतात पण बारीक तुषार निसटतातच, ते टर्बोतून इंटरकूलरमधे आणि तिथून मॅनिफोल्डमधे जातात, तिथे ईजीआरची काजळी येऊन भेटते आणि दोघांचं मिळून डांबर तयार होतं. कॅच कॅन म्हणजे या ब्रीदर पाईपच्या मधे बसवलेला डबा, तेल गाळून खाली ठेवतो आणि गॅस पुढे सोडतो. एवढंच. काजळी तो थांबवत नाही, ती ईजीआरची आहे, त्यामुळे मॅनिफोल्ड आधीच भरलं असेल तर कॅन लावून ते साफ होणार नाही, ते वेगळं उघडून साफ करावं लागेल.

आता मुख्य मुद्दा. टर्बोला जे तेल जातं ते स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमधे परत उतरतं, तिथे पंप नाही. चेंबरमधे प्रेशर वाढलं की ते तेल उतरायला मागत नाही, टर्बोत तुंबतं आणि सीलमधून गळून थेट इनटेकमधे जातं. म्हणजे तुम्ही ब्रीदरच्या वाटेत अरुंद डबा, पातळ पाईप किंवा चोंदलेली जाळी लावली तर इनटेकमधलं तेल कमी होण्याऐवजी वाढणार, वर डिपस्टिक आपोआप वर येणार आणि नशीब वाईट असेल तर क्रँकचं मागचं ऑईल सील जाणार, ज्यासाठी गिअरबॉक्स उतरवायला लागतो. त्यामुळे कॅन निवडताना, पाईप घेताना, जागा ठरवताना, प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा, गॅसची वाट अडतेय का?

आधी इंजिन तपासा

इंजिनच घासलं असेल तर कॅन हा उपाय नाही. गाडी चांगली गरम करा, आयडलवर ठेवा, तेल भरायचं झाकण उघडा आणि तोंडावर उलटं नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं, उडून पडत असेल किंवा तोंडातून धूर भकाभका येत असेल तर आधी मेकॅनिककडून कॉम्प्रेशन बघून घ्या. हा ढोबळ प्रकार झाला, नीट करायचं तर पारदर्शक नळीचं मॅनोमीटर बनवा: फिशटँकवाल्याकडची नळी, यू आकारात फळीला बांधायची, अर्ध्यापर्यंत पाणी भरायचं, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट बसवायचं, दुसरं उघडं. यू चे दोन्ही हात चांगले लांब ठेवा, म्हणजे पाणी उडून किंवा ओढलं जाऊन आत जायची भीती नाही. आयडलला आणि जागेवरच २५०० आरपीएमला दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत किती सेंटीमीटर फरक पडतो ते लिहून ठेवा. एक सेंटीमीटर म्हणजे साधारण एक मिलीबार. हा आकडा कॅन लावायच्या आधीचा असला पाहिजे, नंतर त्याच्याशीच तुलना करायचीय, म्हणून कंटाळा करू नका. बरेच लोक हीच पायरी गाळतात आणि नंतर अंदाजावर बोलत बसतात.

डिपस्टिकवर तेलाची लेव्हलही बघा. जास्त भरलं असेल तर क्रँक त्यात फिरून तेल उडवतो आणि ब्रीदरमधून ढीगभर तेल येतं, अशा गाडीला कॅन नको, तेल कमी करायला हवं. डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) बीएस६ गाड्यांत रीजनच्या, म्हणजे ती काजळी जाळून टाकायच्या, वेळी डिझेल तेलात उतरून लेव्हल आपोआप वाढते, ते वेगळंच दुखणं, तेव्हा तेल बदलायचं.

डबा कुठला

ऑनलाईन रंगीत ॲल्युमिनियमचे जे स्वस्त डबे मिळतात त्यातले कित्येक आतून मोकळे असतात. गॅस एका नळीतून आत आणि दुसरीतून बाहेर, तुषार तसेच पुढे. आत आडोसे आणि बारीक फिल्टर एलिमेंट दोन्ही असलेलाच घ्या. आणि मोकळ्या डब्यात भांडी घासायचा तारेचा काथ्या भरायचा जो जुगाड सांगितला जातो तो अजिबात करू नका, त्याचा एक तुकडा सुटला तरी तो थेट टर्बोच्या पंख्यावर जाणार, आणि तो पंखा मिनिटाला लाखभर चकरा मारत असतो.

डिझेलसाठी मान+हुमेलचा प्रोव्हेंट २०० जगभर वापरला जातो, ऑस्ट्रेलियात तर हायलक्स, रेंजर, डी-मॅक्सला तो लावणं म्हणजे नेहमीचंच काम. नावातला २०० म्हणजे मिनिटाला २०० लिटर गॅस सांभाळायची क्षमता. आतलं एलिमेंट बदलता येतं आणि झाकणात सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, एलिमेंट चोंदून प्रेशर ५० मिलीबारला गेलं की तो उघडतो, म्हणजे सील फाटायच्या आधी गॅसला वाट मिळते. हा व्हॉल्व्ह मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याच्या हुबेहूब नकलाही बाजारात आहेत, बाहेरून ओळखू येत नाहीत, तेव्हा पार्ट नंबर आणि विकणारा दोन्ही बघून घ्या. दुसऱ्या कुठल्याही ब्रँडचा घ्यायचा तर तीन गोष्टी बघा: तोंडाचा आतला व्यास कंपनीच्या ब्रीदर पाईपपेक्षा कमी नको, एलिमेंट सुटं मिळालं पाहिजे, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असला पाहिजे.

अमेरिकेतल्या ड्युरामॅक्स, पॉवरस्ट्रोक इंजिनवाल्या मोठ्या पिकअपचे व्हिडिओ बघून काही जण डबा वगैरे काही न लावता ब्रीदर पाईप सरळ चेसिसच्या खाली उघडा सोडतात आणि टर्बोकडचं तोंड बुचाने बंद करतात. इनटेक स्वच्छ राहतं हे खरं, पण सिग्नलला थांबलात की जळक्या तेलाचा वास एसीतून आत, खाली तेलाचे थेंब, आणि जे घाण गॅस जाळायला परत पाठवले होते ते हवेत. कंपनीने बंद सिस्टिम दिलीय ती बंदच ठेवा. तिकडच्याच ६.७ लिटर कमिन्सवर कंपनीने टॅपेट कव्हरवर फिल्टर देऊन तो ६७,५०० मैलांना, म्हणजे साधारण १ लाख ८ हजार किलोमीटरला बदलायला सांगितलं होतं, म्हणजे गाळून परत पाठवायचं हा विचार कंपन्यांचाही आहेच.

पाईप आणि क्लिपा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. हीटरचा पाईप दिसायला मस्त, दुकानदार तोच देतो, पण तो बहुतेक ईपीडीएम रबराचा असतो आणि तेल लागलं की फुगून मऊ पडतो. साध्या सिलिकॉन पाईपमधून तेल हळूहळू बाहेर पाझरतं, तो वापरायचा तर आतून फ्लोरो अस्तर असलेला हवा. सोपं म्हणजे नायट्राईल रबराचा, ऑईलसाठीचा पाईप मागा. भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक होजवाल्याकडे मीटरवर मिळतो, पुण्यात नाना पेठेत स्पेअरच्या दुकानांत विचारलं तरी होतं. व्हर्नियर घेऊन टॅपेट कव्हरचं तोंड, इनटेक पाईपचं तोंड आणि डब्याची तोंडं मोजून मगच दुकानात जा. प्रोव्हेंटची तोंडं २५ मिमीची आहेत, गाडीची लहान असतात तेव्हा रिड्यूसर लागतो, तो ॲल्युमिनियमचा किंवा चांगल्या रबराचा घ्या, प्लंबिंगचा पीव्हीसी नको, बॉनेटखाली तो टिकत नाही. वळण जास्त असेल तिथे आत तार असलेला पाईप किंवा तयार एल्बो घ्या, नाहीतर गरम झाल्यावर पाईप चपटा होऊन वाट बंद.

जागा

बॅटरीजवळ, फेंडरच्या आतल्या पत्र्याला किंवा फायरवॉलला, जिथे जमेल तिथे, पण एक्झॉस्ट आणि टर्बोपासून लांब. डबा उभाच बसला पाहिजे, आणि वर झाकण फिरवून एलिमेंट सरळ बाहेर निघेल एवढी जागा लागते, हे लोक विसरतात आणि मग प्रत्येक वेळी अख्खा ब्रॅकेट खोलत बसतात. ब्रॅकेट कायम करण्याआधी मातीचा किंवा चिखलाचा गोळा डब्याच्या झाकणावर ठेवून बॉनेट हळूच लावून बघा, किती दाबला गेला ते कळतं. डबा बॉडीवर, इंजिनवर नाही. इंजिन मात्र हलतं, म्हणून पाईपला थोडी ढील ठेवायची.

ब्रॅकेट तयार मिळत नसेल तर ३ मिमीची एमएस पट्टी फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून घ्या, रंग द्या, एम८ बोल्ट आणि नायलॉक नट. शक्यतो बॉडीला असलेली भोकं वापरा, नवीन पाडायचीच तर मागे वायरिंग, एसीचा पाईप, ब्रेकची लाईन नाही ना ते हात घालून बघा, आणि भोकाच्या कडेला प्रायमर लावा, कोकणात गाडी जात असेल तर नक्कीच.

बसवणं

इंजिन थंड असताना. ब्रीदर पाईपवर कुठे वायरचा कनेक्टर किंवा सेन्सर दिसला तर थांबा, नव्या बीएस६ गाड्यांत ती भानगड असू शकते, तिथे हात घालायचा नाही. नसेल तर दोन्ही बाजूच्या स्प्रिंग क्लिपा पकडीने दाबून मागे सरकवा आणि पाईप पिळून काढा, ओढू नका, कव्हरचं तोंड प्लास्टिकचं असेल तर तुटतं आणि मग अख्खं कव्हर घ्यावं लागतं. पाईप काढल्यावर इनटेकचं तोंड लगेच स्वच्छ फडक्याने बंद करा. एक छोटा नट आत पडला तर टर्बो गेला.

हाच मोका आहे इंटरकूलरचे पाईप उघडून आतलं साठलेलं तेल काढायचा. ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोल मारून लगेच गाडी चालू करू नका, आत राहिलेलं ते द्रव डिझेल इंजिनला इंधनच आहे. धुवायचं तर पूर्ण वाळवा, एका दिवसासाठी उघडं ठेवलं तरी हरकत नाही, तोंडाला कापड बांधून.

मग डब्यावरची आत-बाहेरची खूण बघून टॅपेट कव्हरकडचा पाईप आतल्या तोंडाला आणि टर्बोकडचा बाहेरच्या. उलटं लावलं की गाळणं नीट होत नाही. पाईप कापण्याआधी दोरीने वाट आखून घ्या. पाईप जेवढा आखूड तेवढा बरा आणि मधे कुठेही झोळ नको, म्हणजे खाली लोंबून परत वर चढणारा भाग. त्या झोळात तेल-पाणी साठतं आणि तेच बूच होतं. इंजिनकडून डब्याकडे सलग चढ किंवा सलग उतार, काहीही चालेल, झोळ नको. पाईपच्या आत कापल्याचा रबराचा चुरा राहतो, तो हवा मारून काढा. क्लिपा घट्ट करा पण प्लास्टिकच्या तोंडावर जोर दाखवू नका. टर्बोकडच्या बाजूला एअर फिल्टरनंतरची हवा आहे, तिथे जॉईंट सैल राहिला तर धूळ विनाफिल्टर टर्बोत जाते.

खालच्या ड्रेनचं सांगतो, कारण इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही जण नळी खाली उघडी सोडतात, म्हणजे टर्बो तिथूनच चेसिसखालची धूळ आणि पावसात पाणी ओढणार. काही जण नळी परत चेंबरला जोडतात, म्हणजे जे पाणी आणि आम्ल बाहेर काढलं तेच परत तेलात. १२ मिमीची नळी घ्या, खाली हाताला येईल तिथपर्यंत आणा, टोकाला छोटा बॉल व्हॉल्व्ह लावा आणि तो बंद ठेवा. एक मीटर नळीतच साधारण ११० मिली मावतं, म्हणजे डब्याच्या तळाशी तेल चढायला वेळ मिळतो. नळी एक्झॉस्टपासून आणि प्रोपेलर शाफ्टपासून लांब बांधा. व्हॉल्व्हचा दांडा तारेने किंवा केबल टायने बंद अवस्थेत बांधून टाका, खडकावर आपटून उघडला तर कळणार नाही.

चालू करून बघणं

चालू करा, सगळ्या जॉईंटजवळ हात आणि नाक नेऊन बघा, मग गाडी गरम झाल्यावर तेच मॅनोमीटर, तेच आरपीएम. आकडा आधीसारखाच किंवा एखाद-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे असेल तर काम झालं. चांगलाच वाढला असेल तर कुठेतरी वाट अडलीय, रिड्यूसर लहान, पाईप पिळलेला किंवा डबाच अपुरा, ते शोधल्याशिवाय गाडी रस्त्यावर घेऊ नका. नंतर एखादा घाट लोडवर चढवून आणा, थंड झाल्यावर सगळ्या क्लिपा परत एकदा आवळा, नवं रबर बसतं आणि क्लिप ढिली होते.

पहिले हजार किलोमीटर झाले की ड्रेन उघडा, काय आणि किती निघालं ते मोबाईलमधे लिहून ठेवा, मग सवयीने तीन ते पाच हजारांवर. प्रत्येक इंजिनचं प्रमाण वेगळं, दुसऱ्याशी तुलना करू नका, स्वतःच्याच आकड्याशी करा. एकदम वाढलं तर रिंगा किंवा टर्बोकडे लक्ष द्या. पावसाळ्यात आणि थंडीत, त्यातून गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालत असेल तर दुधाच्या चहाच्या रंगाचं पाणचट काहीतरी निघतं, ते बघून हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरू नका, बरेचदा ती नुसती वाफ थंड होऊन तेलात मिसळलेली असते. कूलंटची लेव्हल उतरत असेल किंवा डिपस्टिकवरही तसंच दिसत असेल तर मात्र काळजीचं.

डबा भरू द्यायचा नाही, हे वेगळं सांगतोय कारण यात जिवाला धोका आहे. डबा तुडुंब भरला आणि टर्बोने ते सगळं तेल एकदम ओढलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळायला लागतं, चावी बंद केली तरी उपयोग नाही कारण ते डिझेलवर चालतच नाहीये. रनअवे म्हणतात त्याला, आरपीएम चढत जातात आणि इंजिन फुटेपर्यंत थांबत नाही. मॅन्युअल गाडीत वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडला तर बंद पडू शकतं, नाहीतर इनटेकचं तोंड फळीने बंद करणं किंवा त्यात सीओटू एक्स्टिंग्विशर मारणं, हात लावायचा नाही, हात ओढला जातो. आणि फुटतंय असं वाटलं तर लांब पळा, गाडी परत घेता येते.

एलिमेंट धुवून वापरायचं नाही, काळं होऊन जड झालं किंवा मॅनोमीटरचा आकडा चढला की बदलायचं. झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्हच्या आजूबाजूला तेलाची ओल दिसली तर तो उघडलेला आहे, म्हणजे एलिमेंट तेव्हाच बदलायला हवं होतं.

वॉरंटीतल्या गाडीला हे करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून लेखी घ्या, तोंडी "काही नाही होत" ला अर्थ नाही, उद्या टर्बोचा क्लेम आला की पहिलं बोट डब्याकडेच जाणार. बीएस६ डीपीएफवाल्या गाडीला मात्र याचा एक जास्तीचा फायदा आहे, तेल जळून जी राख होते ती डीपीएफमधे कायमची साठते, रीजनने जात नाही, त्यामुळे इनटेकमधून कमी तेल गेलं तर तेवढीच राख कमी. कंपनीने सांगितलेलं लो-ॲश तेल वापरणं त्याहून महत्त्वाचं, डबा त्याची भरपाई करत नाही.

कंपनीचा जुना ब्रीदर पाईप आणि त्याच्या दोन क्लिपा फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटमागे टाका. लांबच्या ट्रिपला एलिमेंट चोंदलं आणि नवीन मिळेना तर दहा मिनिटांत डबा बाजूला करून गाडी मूळ पाईपवर घरी आणता येते.